"एवढी सही कर ना पटकन" म्हटलं तर काय करायचं? ऑफिसात नव्याने आलेल्यांसाठी

नैतिकता म्हटलं की डोळ्यापुढे लाच, घोटाळा, कोटींचा गफला असलं काहीतरी येतं आणि मग वाटतं की आपला काय संबंध, आपल्या हातात कुठे कोटी आहेत. माझ्यापुढे हा विषय पहिल्यांदा आला तो एका रजिस्टरच्या रूपाने. दुसरी नोकरी, तिसरा आठवडा, महिना संपून दोन दिवस झालेले, आणि सिनियर टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "अगं माल आलाय, फक्त नोंद राहिलीये, तीस तारीख टाक आणि सही कर, अकाउंट्सवाले थांबलेत." माल खरंच आला होता. म्हणजे अर्धा आला होता, पण ते मला नंतर कळलं. मी सही केली. चार सेकंद लागले असतील.

मी काही खोटारडी नव्हते हो. पण घाई होती, समोर सिनियर होते, आणि मुख्य म्हणजे नाही म्हणायला तोंडात वाक्यच तयार नव्हतं. नंतर इतकी वर्षं वेगवेगळ्या टीममध्ये काम केल्यावर माझं मत असं झालंय की ऑफिसात चुकीचं वागणारे बहुतेक लोक असेच चार सेकंदात अडकलेले असतात. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्या चार सेकंदांची आधीच करून ठेवायची तयारी आहे असं समजा.

पायरी १: कान टवकारायला शिका

चुकीची गोष्ट "चल, चुकीचं काम करू" असं म्हणत येत नाही. ती ठराविक वाक्यांच्या वेषात येते. "एवढं चालतं इथे." "सगळेच करतात." "फक्त या वेळी." "क्लायंटला कशाला उगाच कन्फ्यूज करायचं." आणि माझं सगळ्यात आवडतं, "हे मेलवर नको, फोनवर बोलू." मेलवर नको म्हणायला कधीकधी चांगली कारणं असतात, कुणाची तब्येत, कुणाचा पगार, ते वेगळं. पण कामाचा साधा निर्णय लिहून ठेवायलाच कुणी बिचकत असेल तर तिथे थांबायचं.

दुसरी खूण आपल्याच पोटात असते. आपण मनातल्या मनात सफाई द्यायला लागतो. रिपोर्टमधला आकडा राउंड करताना डोकं कधी सफाई देत नाही, पण न केलेल्या टेस्टपुढे टिक मारताना लगेच सुरू होतं, मागच्या वेळी पास झाली होतीच की, वगैरे. ही वकिली सुरू झाली की समजायचं.

आणि एक लक्षात ठेवा, पहिल्यांदा पोटात जे ढवळतं ते पाचव्यांदा ढवळत नाही. नासाच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या १९८६ मधल्या दुर्घटनेचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी याला नावच दिलंय, नियमभंगाचं सामान्यीकरण. रॉकेटच्या जोडातली रबरी रिंग आधीच्या काही उड्डाणांमध्ये खराब झालेली दिसली होती, पण यान सुखरूप परत आलं, मग पुढच्या वेळी तेवढं खराब होणं चालतं असं ठरलं, मग त्याहून थोडं जास्त. म्हणून नवीन माणसाचं नवखेपण ही फार मोलाची गोष्ट आहे, पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे जे विचित्र वाटेल ते स्वतःच्या वहीत एका ओळीत लिहून ठेवा, नंतर तुम्हालाही ते दिसायचं बंद होणार आहे.

पायरी २: वेळ काढा, मग बाकीचं

१९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेणाऱ्या मुलांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं, काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हाच होता. रस्त्यात एक माणूस कण्हत, खोकत बसवला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय म्हणून पिटाळलं होतं त्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणावा तसा फरक पडला नाही, घाईने पडला!

म्हणजे चांगलं असून भागत नाही, वेळ लागतो. तो मागून घ्यायचा. "बघते आणि अर्ध्या तासात सांगते" एवढं वाक्य पाठ करून ठेवा. अर्धा तास कुणी नाकारत नाही सहसा, आणि कुणी अर्धा तासही द्यायला तयार नसेल तर तीसुद्धा माहितीच झाली. मी तर तरुण सहकाऱ्यांना सांगते की महिनाअखेरीला, डेडलाइनच्या आदल्या रात्री आणि निघता निघता सही करायची नाही, मेंदू तेव्हा घरी गेलेला असतो.

पायरी ३: आधी खात्री, मग संशय

इथे माझीच फजिती सांगते. एका व्हेंडरची सारख्याच रकमेची दोन बिलं एकाच महिन्यात दिसली आणि मला वाटलं की सापडलं! दोन दिवस मी त्या बिल पास करणाऱ्या सहकाऱ्याकडे संशयाने बघत होते, एकीशी तर बोलूनही बसले. शेवटी फाइल मागवली तर काम दोन हप्त्यांत ठरलेलं, रक्कम समान, ऑर्डरवर स्वच्छ लिहिलेलं. त्या माणसाला कळलं नाही पण मला त्याच्याशी नजर मिळवायला आठवडा लागला.

तेव्हा पहिला प्रश्न नेहमी साधा, खरोखर न कळल्यासारखा विचारायचा. "हे असं का केलंय, मला समजावून सांगाल का?" नवीन असल्याचा हा मोठा फायदा असतो, नवख्याने विचारलं तर कुणाला आरोप वाटत नाही. निम्म्या वेळी उत्तर सरळ असतं. उत्तर देताना समोरचा चिडला किंवा विषय बदलला तर लगेच निष्कर्ष नको, पण नोंद घ्या. आणि खात्री होईपर्यंत तिसऱ्या माणसाशी बोलायचं नाही, चहाच्या टेबलावर तर नाहीच नाही.

पायरी ४: जो खोलीत नाही त्याची खुर्ची ठेवा

आता कागद घ्या. खरंच घ्या, डोक्यात केलेला विचार आपल्याला हवा तिकडे वळतो. वर एका ओळीत निर्णय लिहा, पण गोड शब्दांत नाही. "डेटा अलाइन करणे" असं नाही, "न मिळालेले आकडे भरणे" असं. माझा अनुभव असा की अर्ध्या वेळा काम इथेच संपतं, कारण सरळ शब्दांत लिहिलं की ते करवत नाही.

मग खाली ज्यांना याची झळ बसेल त्यांची नावं. गंमत अशी की मीटिंगमध्ये जे बसलेले असतात त्यांचं नुकसान सगळ्यांना दिसतं, बोनस जाईल, क्लायंट जाईल, बॉस चिडेल. ज्याला खरी झळ बसणार तो तिथे नसतो. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजरचे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी नासाला फोनवरच्या मीटिंगमध्ये सांगितलं की ५३ अंश फॅरनहाइटच्या (साधारण १२ अंश सेल्सियसच्या) खाली उड्डाण करू नका, थंडीत रबरी रिंग नीट बसत नाही. नासावाले नाराज झाले. मग कंपनीच्या लोकांनी आपापसात बोलायला थोडा वेळ मागितला आणि त्या वेळात एका वरिष्ठाने इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की तुझी इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. त्याने घातली. निर्णय फिरला. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. त्या मीटिंगमध्ये त्या सातांपैकी कुणी नव्हतं.

आपलं काम रॉकेटचं नसतं मान्य आहे. पण टोपी बदलायला सांगणारी मीटिंग प्रत्येक ऑफिसात होते. कुणी तुम्हाला "जरा बिझनेसच्या अँगलने बघ" म्हणालं तर बघा जरूर, पण आपली मूळ टोपी डोक्यावर ठेवून.

कसोट्या बऱ्याच सांगतात लोक. उद्या पेपरात छापून आलं तर, आईला सांगता येईल का, अशा. ठीक आहेत, पण मला त्या कच्च्या वाटतात, कारण आपल्या रजिस्टरमध्ये कुठल्या पेपरला रस असणार, मग माणूस निवांत होतो. मी वेगळी वापरते. हेच काम उद्या एखाद्या नवीन मुलीला शिकवायचंय, तर ही पायरी तिला लिहून द्याल का? "३० तारीख टाकावी, माल आला नसला तरी." नाही ना लिहिणार? मग झालं.

पायरी ५: तिसरा रस्ता शोधा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यांना दोनच रस्ते दिसतात, मुकाट करा नाहीतर राजीनामा फेका. अहो मध्ये केवढी जागा आहे. त्या मालाच्या नोंदीचंच घ्या. जेवढा आला तेवढ्याची आजच्या तारखेने नोंद, बाकीची आल्यावर, आणि अकाउंट्सला एक मेल की महिन्याच्या हिशोबात काय धरायचं ते तुम्ही ठरवा. अकाउंट्सकडे अशा उशिरा आलेल्या गोष्टींसाठी रीतसर पद्धत असतेच, तरतूद करून ठेवतात. कुणी विचारलंच नाही म्हणून खोटी तारीख! समोरच्याला नेमकं काय हवंय ते विचारलं की कळतं की त्याला चुकीचं काम नको असतं, त्याला फक्त त्याची अडचण सुटायला हवी असते.

पायरी ६: बोलायचं कसं

हे मी शिकले ते एका मॅडमकडून. पर्चेसला होत्या, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली, आवाज कधी चढला नाही. कुणीही काही वाकडं सांगितलं की त्या हसून म्हणायच्या, "हो सर, करते की, एक मेल टाका ना, लगेच करते." बस. वाद नाही, भाषण नाही, कुणाला खोटं पाडणं नाही. सर जागेवर जायचे आणि मेल काही यायचा नाही. मी हे इतक्या वेळा बघितलंय की मला पाठ झालंय, सर निघताना त्या पुन्हा कीबोर्डकडे वळायच्या आणि पाच मिनिटांनी घड्याळ बघून म्हणायच्या, "नाही आला गं."

तेवढ्यानेही भागलं नाही तर सरळ बोलायचं, पण माणसावर नाही, कामावर. "सर तुम्ही खोटं करायला सांगताय" म्हटलं की भांडण. "सर, ही तारीख टाकली तर ऑडिटमध्ये ट्रान्सपोर्टच्या पावतीशी जुळणार नाही आणि उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल" म्हटलं की तेही विचार करायला लागतात. "आपल्याला" हा शब्द मुद्दाम. शक्यतो एकट्याने चारचौघांत बोलू नका, आधी एखाद्या सहकाऱ्याला विचारा की तुलाही हे खटकतंय का. दोघं मिळून बोललं की वजन पडतं, आणि चूक आपली असेल तर तो आधीच सांगतो.

पायरी ७: तरी ऐकलं नाही तर

मग वर. बॉसचा बॉस, एचआर, ऑडिट, तक्रारीची हॉटलाइन असेल तर ती, ज्या क्रमाने कंपनीच्या नियमात दिलंय त्या क्रमाने. नियम आधी वाचून ठेवा, जॉइन झाल्यावर जो गठ्ठा सही करून देतो ना न वाचता, त्यातच असतो तो. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, हे त्याच दिवशी आपल्या शब्दांत लिहून ठेवा, "मला असं वाटलं" आणि "असं झालं" वेगवेगळं. पण कंपनीच्या फाइली, ग्राहकांचा डेटा स्वतःच्या मेलवर पाठवायचा नाही, त्याने तुमचीच बाजू लंगडी होते आणि मुद्दा बाजूला राहून चर्चा तुमच्यावर सुरू होते. जिवाला धोका असेल, कुणाचा छळ होत असेल किंवा कायदा मोडला जात असेल तर मात्र "बघू पुढच्या महिन्यात" नको, आणि बाहेर तक्रार करायची वेळ आली तर आधी वकिलाशी बोला, संरक्षण काय मिळतं ते जागेजागी वेगळं असतं.

आणि हे फुकट होत नाही, हेही सांगायला हवं. त्या चॅलेंजरच्या रात्री विरोध करणारे रॉजर बॉइजॉली यांनी नंतर चौकशी आयोगापुढे खरं सांगितलं, तर त्यांच्याच कंपनीत त्यांना वाळीत टाकल्यासारखं झालं आणि त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे ते इंजिनियरिंगच्या मुलांना याच विषयावर व्याख्यानं देत फिरले. तेव्हा घरच्या हप्त्यांचा, जबाबदाऱ्यांचा हिशोब करून पाऊल टाकलं तर त्यात भित्रेपणा नाही. सगळ्याच लढाया लढायच्या नसतात, पण स्वतःची सही स्वतःच्या हातात असते.

ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांच्यासाठी थोडं

थोडं म्हणते पण खरं तर इथेच सगळं आहे, कारण वरच्या सगळ्या पायऱ्या चढायची वेळ माणसावर येते ती ऑफिस तसं बांधलेलं असतं म्हणून. भिंतीवरच्या पोस्टरवर माझा अजिबात विश्वास नाही. एन्रॉन या अमेरिकेतल्या ऊर्जा कंपनीकडे ६४ पानांची आचारसंहिता होती, जुलै २००० ची, आणि हिशोबातले घोटाळे बाहेर येऊन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं.

पहिलं, टार्गेट बघा. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विकायचं लक्ष्य होतं. आठ! कुठल्या माणसाला एका बँकेत आठ गोष्टी लागतात? मग कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली, २०१६ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला आणि तोवर ५,३०० च्या आसपास लोकांना काढलेलं होतं. लोक काढणं सोपं असतं. प्रश्न असा की तुमच्या टीमचं टार्गेट सरळ मार्गाने पूर्ण होतं का, हे तुम्ही स्वतः एकदा करून पाहिलंय का? नसेल पाहिलं तर तुम्ही खोट्याची ऑर्डर देऊन बसला आहात, डिलिव्हरी आज ना उद्या येईलच.

दुसरं, वाईट बातमी आणणाऱ्याचं काय होतं. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदवलेल्या दिसल्या आणि त्या चक्रावल्या. मग लक्षात आलं की चुका जास्त होत नव्हत्या, लोक सांगत होते. तुमच्याकडे गेल्या सहा महिन्यांत एकही चूक कुणी येऊन सांगितली नसेल तर खूश होऊ नका. पुढच्या वेळी कुणी आलं की पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" आणि "कुणी केलं" हे दहाव्या मिनिटाला. चेहराही सांभाळायचा, लोक शब्दांआधी तो वाचतात.

बाकी गोष्टी पटकन. भेटवस्तूंची एक वही ठेवा, काय आलं, कुणाकडून, काय केलं, आणि पहिली नोंद साहेबांची असू दे. नातेवाईक व्हेंडर असेल किंवा उमेदवार असेल तर आधी सांगायचं आणि निर्णयातून बाजूला व्हायचं, सांगणाऱ्याकडे चोर म्हणून बघायचं नाही. ज्याने ऑर्डर दिली त्यानेच माल घेतला आणि त्यानेच बिल पास केलं असं होऊ देऊ नका, माणूस कितीही विश्वासाचा असो. आणि नियम सगळ्यात जास्त धंदा आणणाऱ्यालाही तोच. तो शिव्या देतो आणि तुम्ही "स्वभावच आहे त्याचा" म्हणता, तेव्हा पोस्टर फाटलेलं असतं.

शेवटची पायरी: चूक झालीच असेल तर

त्या रजिस्टरचं काय झालं ते राहिलंच. तीन महिन्यांनी ऑडिट आलं, ट्रान्सपोर्टची पावती निघाली, तारखा जुळेनात. मला आदल्या दिवशी कळलं होतं की उद्या त्या महिन्याचे कागद काढणार आहेत. रात्रभर झोप नाही. सकाळी त्यांनी विचारायच्या आधी मीच जाऊन सांगितलं, ही सही माझी, तारीख चुकीची आहे, माल तेव्हा अर्धाच होता, मी न बघता सही केली. सिनियरांचं नाव विचारल्यावर सांगितलं, न विचारता नाही. लेखी ताकीद मिळाली, सिनियरांनी बरेच दिवस बोलणं टाकलं.

तुमच्यावर वेळ आली तर क्रम तोच. कुणी पकडायच्या आधी, लेखी, काय केलं तेवढंच, "पण" न लावता. सोबत नुकसान किती आणि दुरुस्ती कशी हे घेऊन जा, रिकाम्या हाताने नको. आणि नोंद दुरुस्त करताना व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा, छोटी सही, आणि आजची तारीख.